धडधडीवर तीन तज्ज्ञ

मी तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहे. अपघात झाला तर तो माझ्या नावावर, आणि झाला नाही तर हा माणूस दिवसभर करतो काय असा प्रश्न वरिष्ठांना पडतो. अधूनमधून आम्ही मॉक ड्रिल करतो. भोंगा वाजतो, कामगार मैदानात जमतात. ठरवून ठेवलेले एकदोघं गॅस लागल्यासारखे पडतात आणि त्यांना स्ट्रेचरवरून नेलं जातं. मी मेगाफोन तोंडाशी धरून "घाबरू नका, धावू नका, रांगेत चला" असं ओरडत असतो.

अशाच एका ड्रिलमध्ये मी "घाबरू नका" म्हटलं आणि माझंच काहीतरी बिनसलं. छातीत एकदम धडधड सुरू झाली. हाताला मुंग्या आल्या, गळा कुणीतरी आवळतंय असं वाटलं आणि समोरची शेड लांब लांब सरकायला लागली. आपण मरतोय याबद्दल मला तसूभरही शंका नव्हती. मेगाफोन नीट बाजूला ठेवून मी खाली बसलो, मग आडवा झालो.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेब या खेपेला स्वतः पेशंट झाले, असं त्यांना वाटलं. प्लँट मॅनेजर तर खूश होऊन म्हणाला, "एकदम रिअलिस्टिक! पुढच्या वेळीही असंच करू." दोघांनी मला नियमाप्रमाणे उचललं, अ‍ॅम्ब्युलन्सपाशी नेलं, आणि ड्रिल संपल्याची शिट्टी झाल्याबरोबर तिथेच ठेवून चहाला गेले. थोड्या वेळाने ड्रायव्हर वाकून म्हणाला, "साब, उठो ना, हो गया." मी उठेना, तेव्हा कुठे त्याने गाडी चालू केली.

हॉस्पिटलमध्ये माझ्या हृदयाचे जेवढे फोटो आणि जेवढ्या पट्ट्या काढता येतात तेवढ्या काढल्या. सगळं स्वच्छ निघालं. कार्डिऑलॉजिस्टचा चेहरा जरा पडलाच.

"टेन्शन घेता का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग घेऊ नका. आणि एखाद्या सायकॉलॉजिस्टला भेटा."

माझी बायको नेरूळच्या एका ज्युनियर कॉलेजात शिकवते. तिने त्याच संध्याकाळी घराजवळचं एक क्लिनिक शोधून काढलं. त्यांच्या वेबसाइटवर 'आमची टीम' असं पान होतं. बायकोने ते मला सोफ्यावर बसवून वाचून दाखवलं. आमच्या भाचीसाठी स्थळं बघताना ती जो आवाज लावते, तोच लावला होता. बहुतेकांचा हाताची घडी घातलेला फोटो होता, मागे एक हिरवं झाड, आणि खाली 'प्रवास'.

प्रमुखांच्या प्रवासात लिहिलं होतं की ते मोठ्या आयटी कंपनीत होते, यशाच्या शिखरावर असताना कोसळले, आणि त्या कोसळण्यातच त्यांना स्वतःचा शोध लागला.

"अहो, हे तुमच्यासारखेच कोसळलेत," बायको म्हणाली. "यांच्याकडेच जाऊ."

दुसऱ्या बाई तरुण होत्या, परदेशात शिकून आलेल्या. त्यांची पद्धत 'जखमांशी मैत्री' करण्याची होती. पानाच्या तळाशी तिसऱ्या एक बाई होत्या. निळ्या पडद्यासमोर काढलेला पासपोर्टचा फोटो आणि खाली दोनच ओळी: क्लिनिकल सायकॉलॉजीत एम.फिल., सरकारी हॉस्पिटलचा अनुभव, भाषा मराठी, हिंदी, आगरी. प्रवासबिवास काही नाही. "आणि या कुणीतरी आहेत," असं म्हणून बायकोने फोन ठेवून दिला.

प्रमुखांच्या खोलीत पांढरा बोर्ड होता, पितळेचं एक वाडगं होतं आणि गवती चहाचा वास होता. "मला सर म्हणू नका," ते म्हणाले, "इथे कुणी सर नाही." मी बरं सर म्हणालो.

मी ड्रिलची हकिगत सुरू केली. "...आणि मी कोसळलो," इथपर्यंत आलो तर त्यांनी हात वर केला.

"थांबा. मीसुद्धा कोसळलो होतो."

मग त्यांनी सांगायला घेतलं. ऐरोलीची काचेची बिल्डिंग, अमेरिकेच्या क्लायंटचे अवेळी येणारे फोन, लिफ्टमध्ये एकट्याने रडणं, बायकोचं माहेरी निघून जाणं, मग हिमालय, मग ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स. माणूस बोलत होता छान. मी मध्येमध्ये "अरेरे" म्हणत होतो, "मग?" म्हणत होतो. हिमालयातून ते परत येईपर्यंत माझी वेळ संपली. त्यांचे डोळे ओले झाले होते. माझा हात दोन्ही हातांत धरून ते म्हणाले, "फार सुंदर सेशन झालं. तुम्ही खूप ओपन झालात."

पुढच्या भेटीत त्यांनी बोर्डावर काम, शरीर, नाती आणि अर्थ अशी वर्तुळं काढून मला स्वतःला मार्क द्यायला लावले. मी सगळीकडे पास होईन एवढे दिले. दरम्यान माझी धडधड काही कुणाची वाट बघत थांबली नव्हती. कळंबोलीला लोखंडाच्या कॉइल लादलेल्या ट्रेलरमागे गाडी अडकली असताना तिने मला पुन्हा गाठलं, आणि मी रस्त्याकडेला गाडी लावून बायकोला फोन करून निरोप घेतल्यासारखं बोललो. तिचा तास चालू होता. मुलांनी तिचं बोलणं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजात माझ्या तेराव्याची चौकशी झाली.

हे मी प्रमुखांना सांगितलं. ते प्रसन्न हसले. "तुमचं शरीर तुम्हाला निमंत्रण देतंय."

"कसलं?"

"ते तुम्हीच शोधायचं."

मला शोधता येईना तेव्हा त्यांनी निदान केलं की माझ्यात खोल काहीतरी आहे, आणि खोलातलं काम त्यांच्या सहकारी बघतात. मी एका खोलीतून पलीकडच्या खोलीत गेलो.

तिथे खुर्च्याच नव्हत्या. खाली गाद्या होत्या. बाई इतक्या हळू बोलायच्या की मला आधी वाटलं, हृदयानंतर आता कानही गेले.

"आत्ता या क्षणी शरीरात कुठे काय जाणवतंय?"

"गुडघ्यात," मी खरं ते सांगितलं.

त्यांनी मान डोलावली आणि लिहून घेतलं. मग त्या माझ्या बालपणाकडे वळल्या. माझं बालपण साताऱ्याकडच्या एका तालुक्याच्या गावी गेलं. वडील शाळेत क्लार्क होते, अजून ठणठणीत आहेत. आई प्रेमळ होती. मारलं कधी नाही, उपाशी कुणी ठेवलं नाही. मी हे सगळं सांगितलं तसतशा बाई गंभीर होत गेल्या.

"काहीच त्रास आठवत नाही, हेच मला महत्त्वाचं वाटतं," त्या म्हणाल्या. "आपण तिथे थोडं थांबू या."

आम्ही थांबलो. बाई माझ्याकडे इतक्या आशेने बघत होत्या की मला त्यांचीच काळजी वाटायला लागली. एवढ्या लांब जाऊन शिकून आलेली मुलगी, तिला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? मी आठवून आठवून सांगितलं की एकदा वडिलांनी मला क्रिकेटची बॅट घेऊन दिली नव्हती.

त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. लगेच त्यांनी समोर एक रिकामी गादी सरकवली. "तिथे वडील बसलेत. त्यांना सांगा."

पन्नाशीला आलेला मी, गादीकडे बघून म्हणालो, "बाबा, तुम्ही मला बॅट दिली नाहीत."

"आवाज आतून येऊ द्या."

"बाबा! बॅट दिली नाहीत!" मी ड्रिलमधला मेगाफोनचा आवाज लावला. बाहेर बसलेली रिसेप्शनिस्ट आत डोकावून गेली.

घरी आल्यावर मला इतकं अपराधी वाटलं की मी वडिलांना फोन लावला आणि आडवळणाने बॅटचा विषय काढला.

"घेतली होती की," वडील म्हणाले. "तूच पाटलाच्या विहिरीत टाकलीस. काढायला माणूस उतरवला होता. का रे, आता हवीय?"

एक मात्र कबूल करायला हवं. याच बाई एकदा सहज बोलून गेल्या, "तुम्ही समोरच्याला खूश ठेवायला फार धडपडता. मलासुद्धा." ते वाक्य माझ्या वर्मी बसलं. त्यावर काहीतरी पुढे होईल म्हणून मी सावरून बसलो, पण वडिलांनी सांगितलेली विहीर मी त्यांच्या कानावर घातली होती, आणि तोवर त्या परत तिच्यात उतरल्या होत्या.

पुढच्या वेळी गेलो तर रिसेप्शनिस्ट म्हणाली, "मॅडम मौन शिबिराला गेल्यात. त्यांचा मेसेज आलाय की मौनात आहेत म्हणून. दुसऱ्या मॅडम मोकळ्या आहेत, त्यांच्याकडे बसता?"

मी घुटमळलो. तेवढ्यात प्रमुख बाहेर आले, मला बाजूला घेऊन कुजबुजले, "चालेल, चालेल. साध्या आहेत. म्हणजे, तुम्हाला म्हणून सांगतो, ही जागा त्यांच्या भावाची आहे. इथलेच गाववाले. आपण पण काय करणार?"

म्हणजे मालकाच्या बहिणीला दिलेली नोकरी. मी ती खूणगाठ मनाशी बांधूनच आत गेलो.

त्यांची खोली पॅन्ट्रीला लागून होती. एक टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या, गळका एसी आणि त्याखाली बादली. बाई पंचेचाळीसच्या आसपासच्या, ठसठशीत. डब्यातली तांदळाची भाकरी आणि सुकट खात होत्या. गवती चहाने पुढच्या खोल्यांत जे काही शुद्ध केलं होतं, त्याचा सुकटीने इथे पुरता निकाल लावला होता.

"बसा. दोन घास राहिलेत, चालेल ना?" म्हणाल्या. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. "नाय, आता कामान हाय मी. पान्याचा टँकर आला का नाय तो बग आधी." फोन पालथा ठेवून, हात पुसून त्या म्हणाल्या, "रिपोर्ट दाखवा."

मी चकित झालो. ती फाइल मी पहिल्या दिवसापासून काखेत घेऊन फिरत होतो, आणि आजवर कुणी तिला हात लावला नव्हता. त्यांनी प्रत्येक कागद वाचला. वर माझ्या कार्डिऑलॉजिस्टला फोन लावून मला धावाधाव करायला काही हरकत नाही ना, हेही विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "काय होतं ते सांगा. सगळ्यात आधी काय?"

"धडधड."

"मग?"

"मग वाटतं, अटॅक आला."

"मग काय करता?"

इथे मला जरा उत्साह आला. सुरक्षा हा माझा विषय. मी सांगितलं की पाण्याची बाटली कायम जवळ ठेवतो, पट्टा सैल बांधतो, मीटिंगमध्ये दाराजवळ बसतो, पटकन थांबता यावं म्हणून गाडी अगदी डावीकडच्या लेनमधूनच चालवतो, वाटेतली सगळी हॉस्पिटलं पाठ केलीत, आणि मेव्हण्याने दिलेली जिभेखाली ठेवायची गोळी खिशात असते.

"एवढं करून थांबलं का?"

"नाही. वाढलंय."

"तुमच्या कंपनीत खोटा अलार्म वाजला तर काय करता?"

"कुठला डिटेक्टर वाजला ते पॅनलवर बघतो, तपासतो, रीसेट करतो."

"आणि दर खेपेला सगळ्यांना गेटबाहेर काढलं तर?"

"छे, मग तर लोकांची खात्रीच पटेल की प्लँटमध्ये खरंच काहीतरी..." मी बोलता बोलता थांबलो.

बाईंनी काही विजयी चेहरा केला नाही. त्या डब्याचं झाकण लावत होत्या. "चला," म्हणाल्या.

"कुठे?"

"जिन्यात."

त्यांनी मला बिल्डिंगचा जिना पळत चढायला लावला. ऑफिसचे बूट, इन केलेला शर्ट, आणि मागून "थांबू नका" म्हणत येणाऱ्या बाई. एका मजल्यावर प्रमुख लिफ्टमधून बाहेर पडले.

"हे काय चाललंय?"

"सेशन," बाई म्हणाल्या.

"जिन्यात?"

"बोर्डावर मावत नाय, सर."

वर पोचलो तेव्हा छाती भात्यासारखी हलत होती. हाताला मुंग्या आल्या, गळा आवळला, आणि मला ओळखीची ती चाहूल लागली. "आता येणार," मी म्हणालो.

"येऊ दे."

मी खिशात हात घातला. बाईंनी तळवा पुढे केला. "गोळी माझ्याकडे द्या." पोलिसांपुढे हत्यार टाकावं तशी मी ती दिली आणि पायरीवर बसलो. वाटलं, आता या पाठीवरून हात फिरवतील, दीर्घ श्वास घ्यायला सांगतील. बाई खिडकीतून खाली बिल्डिंगचा टँकर आला का बघत होत्या.

"मेलात का?" त्यांनी वळून विचारलं.

"नाही."

"किती जोरात हाय?"

"खूप."

"अजून वाढतंय का बगा. वाढलं तर वाढवा."

मला भयंकर राग आला. इथे माझा जीव चाललाय आणि या बाईला पाण्याच्या टँकरची पडलीय! मनातल्या मनात मी तक्रारीचा अर्ज तयार केला. प्रति, मा. प्रमुख. पहिला परिच्छेद झाला, दुसऱ्याला हात घातला, आणि लक्षात आलं की धडधड उतरलीय. मी तिला थांबवलं नव्हतं. पाणी प्यायलो नव्हतो, बायकोला फोन केला नव्हता. ती आली होती आणि गेली होती.

"परत," बाई म्हणाल्या.

त्यानंतरचे आठवडे मी जे काही केलं ते सोसायटीतल्या लोकांनी पाहिलं नाही हे माझं नशीब. धडधड मुद्दाम यावी म्हणून ऑफिसच्या चाकाच्या खुर्चीत बसून गरगर फिरलो. उसाच्या रसाची नळी तोंडात धरून तेवढ्यातून श्वास घेतला. पट्टा घट्ट आवळून मीटिंगमध्ये दारापासून सगळ्यात लांब बसलो. माझी बायको हताश झाली. "हे उपचार आहेत की सर्कस? त्या परदेशातल्या मॅडम किती छान होत्या, मुळाशी जात होत्या." तिच्या मैत्रिणींत सांगायला बालपणाची जखम बरी दिसते, रसाची नळी दिसत नाही.

एकदा मी बाईंना विचारलं, "तुमचा प्रवास काय?"

"माझा? गावातून ठाण्याला बस, ठाण्याहून हॉस्पिटलला रिक्षा. संध्याकाळी परत." त्या हसल्या. "वेबसाइटवाली पण हेच विचारत होती. म्हणे काहीतरी स्ट्रगल सांगा. मी म्हटलं, घरचं बरं होतं, भावांनी शिकवलं, स्ट्रगल कुठून आणू? तिने तोंडच पाडलं."

"आणि इथे..." मी चाचरलो.

"भावाच्या जागेमुळं घेतलंय, तेच ना? खरंच हाय ते. भाडं कमी लावलंय त्याने. सरांना वाटतं मला म्हाईत नाय." त्यांनी खांदे उडवले. "वॉर्डात होते तेव्हा पेशंट जमिनीवर झोपलेले असायचे. इथे खुर्ची हाय. कुणाच्या का मेहेरबानीने असेना, पेशंट येतात ना?"

मनाशी बांधलेली ती खूणगाठ आठवून मी बादलीकडे बघत बसलो.

शेवटी त्यांनी मला एक्सप्रेसवेवर एकट्याने जायला सांगितलं. घाटातले बोगदे मी माझ्यापुरते बंद केले होते. पुण्याला कुणाचं लग्न निघालं की माझी पाठ दुखायची. त्या रविवारी मी निघालो. पाणी नाही, गोळी नाही, आणि फोन मुद्दाम डिकीत. नेमका बोगद्यात ट्रॅफिक तुंबला. पुढे टेम्पो, मागे बस, वर पिवळे दिवे, आणि बाहेर पडायला दार नाही. धडधड सुरू झाली. अगदी पहिल्या दिवशीसारखी, मेगाफोनच्या दिवसासारखी. मी स्टिअरिंग धरून म्हटलं, ये. अजून ये. शेजारच्या गाडीतली एक बाई माझ्याकडे संशयाने बघून काच वर करती झाली. मला रडू आलं आणि हसूही आलं. ती लाट चढली, थोडा वेळ तशीच राहिली, आणि टेम्पो हलायच्या आत उतरली. घाटाच्या वर पोचल्यावर मी गाडी थांबवून गरम वडे खाल्ले आणि डिकीतून फोन काढून बाईंना लावला.

"झालं! बोगद्यात अडकलो होतो, आली होती, आणि गेली!"

"बरं झालं," त्या म्हणाल्या. मागे कुणीतरी भांडी लावत होतं. "येताना बोगदा चुकवायला जुन्या रस्त्याने येऊ नका."

धडधड अजूनही कधीतरी येते. येते आणि जाते. मी तिला चहा विचारत नाही एवढंच.

मी बरा झाल्याची बातमी प्रमुखांपर्यंत पोचली तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतलं. कॅमेरा तयार होता, मागे तेच हिरवं झाड. त्यांच्या 'इंटिग्रेटिव्ह पद्धती'मुळे मी कसा उभा राहिलो, हे मी मिनिटभर बोलायचं होतं. वाक्यंही लिहून तयार होती. माझ्या जुन्या स्वभावाप्रमाणे मी ती गोड आवाजात वाचून टाकली असती. पण मी म्हणालो, "नाही. मला बरं जिन्याने केलं, तुमच्या वर्तुळांनी नाही." आयुष्यात कुणाच्या तोंडावर इतकं स्पष्ट मी कधी बोललो नव्हतो. छाती फुगवून मी पॅन्ट्रीजवळच्या खोलीत गेलो आणि बाईंना हा पराक्रम सांगितला.

बाईंनी कपाळाला हात लावला.

"अहो, नाय कनाला म्हनलात? बसायचं होतं कॅमेऱ्यासमोर आणि माझं नाव घ्यायचं होतं! पुढच्या महिन्यात माझी पगारवाढ हाय."

मी परत बाहेर गेलो, पण कॅमेरावाला सामान आवरून निघून गेला होता.